बिनपावसाचा महिना

“पाऊस कवा असतोय तिथं?” आईनं विचारलं.

नांदेडमधलं ट्रॅव्हल्सचं ऑफिस. भिंतीवर निळ्याशार समुद्राची चित्रं, टेबलावर काच, आणि काचेपलीकडचा तरुण माणूस आईला ‘मावशी, मावशी’ करत थेट भूमध्य समुद्रातल्या बेटावर पाठवायला निघालेला. बेट माल्टा, शहर व्हॅलेटा. माझा धाकटा भाऊ काही वर्षांपासून तिथं होता. आईला त्याच्याकडे न्यायचं होतं, आणि कोणत्या महिन्यात न्यायचं एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

“पावसाचं टेन्शनच घेऊ नका मावशी,” तो म्हणाला. “जूनमध्ये जा. जून, जुलै, ऑगस्ट, थेंबसुद्धा पडत नाही. बेस्ट सीझन! जगभरातून लोक त्यासाठीच जातात.”

आईनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हा माणूस शुद्धीवर आहे का, असं तिला विचारायचं होतं. पण परक्याच्या ऑफिसात बसून ती तसं बोलली नसती.

“मृगात?” ती म्हणाली. “मृगात घर सोडून जायचं? आन् ते बी जिथं थेंब न्हाई तिथं?”

तो हसला. मला हसू आलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. भूमध्य सागरी हवामान, कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, पोरांकडून घोकून घेतलं, दोन मार्कांना विचारलं. पण तीन महिने थेंब नाही म्हणजे माणसांचं काय होत असेल, हे आईचा चेहरा बघेपर्यंत माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आणि थेंब नसण्याला कुणी ‘बेस्ट सीझन’ म्हणतं, याचा तर धक्काच बसला. आमच्याकडे त्याला दुष्काळ म्हणतात.

आणि वर्ष तरी कोणतं! लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. आई लातूरला दोन खोल्यांत एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, जळकोटजवळच्या गावातलं शेत बटईनं दिलेलं होतं. मी लग्न होऊन नांदेडला आलेली. आमच्या नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे. त्या साली धरणही तळाला गेलं होतं, तरी नळ अधूनमधून खोकत खोकत का होईना यायचा. मी आईला म्हणायची, माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणायची, “लेकीच्या घरी किती दिस ऱ्हावं माणसानं?” तिला एकच गोष्ट हवी होती. पोराचं तिथलं आयुष्य बघायचं होतं. “खातो काय, निजतो कुठं, काम कसलं करतो, एकदा माझ्या डोळ्यानं बघू दे. मंग काय बी होऊ दे मला.”

भाऊ तिथं एका हॉटेलात रिसेप्शनला होता. निदान त्यानं तसं सांगितलं होतं. आई गल्लीत ते आपल्या पद्धतीनं सांगायची, “समद्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडंच असत्यात.” किल्ल्या म्हटलं की ऐकणाऱ्याला माणूस मालकच वाटतो.

महिना ठरवणं आमच्याकडे सोपं काम नाही. चैत्र-वैशाखात लग्नसराई, भावकीतल्या लग्नाला गेलं नाही तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. मृगात कुणी घर सोडत नाही, शेत बटईनं असलं तरी. श्रावणात सोमवार. मग दसरा, दिवाळी, मग शिवरात्र आणि सिद्धेश्वराची जत्रा. या सगळ्यातून उरेल त्या फटीत माणसानं जग बघायचं. त्यात माझी शाळा. मला मोकळीक उन्हाळ्याचीच, फार तर जूनमध्ये चार दिवस रजा टाकता आली असती. आणि उन्हाळ्यात आई त्या टँकरच्या रांगेतून सुटावी, हा माझा आतला हिशोब होता.

भावाचं मात्र एकच पालुपद. “अक्का, डिसेंबरात या. उन्हाळ्यात नको.”

“का नको?”

“लई ऊन असतं इथं.”

मी फोन कानापासून दूर धरून त्याकडे बघतच राहिले. लातूरच्या माणसाला हा उन्हाची भीती घालतो! वैशाखात अनवाणी शाळेतून येणारं हे कार्टं, त्याला समुद्रकाठचं ऊन सोसत नाही? मी चिडले. चिडले की मी खोदून विचारते, आणि मी खोदून विचारलं की तो फोन ठेवतो, हे आमचं लहानपणापासूनचं आहे.

“कुणी बाई-बिई केली का काय यानं?” आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

“काहीतरीच काय आई.”

“मंग उन्हाळ्यात काय दडवून राहिलाय? हिवाळ्यात बाई कुठं जाणार हाय?”

खरं सांगायचं तर मलाही तोच संशय होता.

एप्रिलमध्ये मी दोन दिवसांसाठी लातूरला गेले, आईकडून एक महिना कबूल करून घ्यायचाच म्हणून. त्याच दिवशी गल्लीत टँकर आला. सकाळपासून बॅरल, कोठ्या, घागरी नंबरानं मांडून ठेवलेल्या. आईचा निळा बॅरल बराच पुढे होता. टँकर यायच्या आधी पारावरची माणसं नव्या जिल्ह्यावर बोलत होती. उदगीर जिल्हा होणार, जळकोट तिकडं जाणार, नवं कलेक्टर ऑफिस होणार, मग पाणीबी येणार. आईनं ते ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं. लातूर उस्मानाबादपासून वेगळा झाला तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले होते. “जिल्हा नवा होतोय,” ती मला म्हणाली, “घागर जुनीच ऱ्हाती.”

टँकर थांबला. आमच्या गल्लीची एक रीत होती. टँकरवाला उतरला की कुणीतरी त्याच्या हातात चहाचा कप द्यायचं. कुणी बिस्किटं ठेवायचं बशीत. ज्याचा चहा, त्याच्या बॅरलात पाइप आधी. नंबर वगैरे नंतर. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मुकाट चहा टाकत होते. पाणी नाही म्हणून ओरडणाऱ्या घरांत त्या एका कपापुरतं पाणी बरोबर निघायचं.

आई चहा द्यायची नाही. “माझं हक्काचं पाणी हाय. त्याला चहा कामून पाजू?” तिच्या घरात गळ्यातल्या लिंगाच्या पूजेसाठी तांब्याभर पाणी आधी बाजूला निघायचं, मग पिण्याचं, मग बाकीचं. चहा त्यात कुठंच बसत नव्हता. त्यामुळे पाइप तिच्या बॅरलाशी यायचा तो शेवटी, धार करंगळीएवढी झाल्यावर. त्या दिवशीही तसंच झालं. नंबर पुढचा असूनही आईचा बॅरल सगळ्यांत शेवटी, निम्माच भरला आणि टँकरवाला पाइप गुंडाळायला लागला.

मी बघत होते, आणि माझं डोकं फिरलं. मी काही बोलायच्या आत आईच बोलली. सत्तरीची बाई, एवढा आवाज कुठून आला कुणास ठाऊक. “लोकाचा चहा पिऊन म्हातारीला कोरडं ठिवतूस. तुझ्या आईच्या दारात असाच टँकर येऊ दे!”

टँकरवाला शिट्टी वाजवत गाडीत चढला. शेजारीण मला हळूच म्हणाली, आई हे दरवेळी म्हणते. भाऊ इथं होता तेव्हापासून म्हणते. त्यानं एकदा याच टँकरवाल्याची गचांडी धरली होती, हेही मला त्या दिवशी कळलं.

घरात आल्यावर मी ठरवलं, बस झालं. आजच महिना ठरवायचा. भावाचा फोन नेहमी रविवारी संध्याकाळी यायचा, खोलीतून, मागे पांढरी भिंत. तो दिवस रविवार नव्हता, दुपारचे दोन वाजले होते, तिकडं सकाळ असणार. मी सरळ व्हिडिओ कॉल लावला. मी कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून त्यानं तो घाबरून उचलला.

“अक्का? आईला काय झालं?”

त्याचा चेहरा उन्हानं रापलेला, कपाळावर घाम, खांद्यावर काहीतरी जाड, काळं. मागे पिवळट दगडाची भिंत. मी म्हणाले, काही झालं नाही, ही बघ आई. आणि मोबाइल आईकडे दिला. त्याला हायसं वाटलं असावं. तो काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात पलीकडून आवाज यायला लागला.

आधी घरघर. मग रिकाम्या टाकीत वरून पहिलं पाणी पडतं तो पोकळ, दणका दिल्यासारखा आवाज. आम्ही तो तासाभरापूर्वी दारात ऐकला होता. लातूरात त्या साली झोपेतल्या माणसालाही तो ओळखता आला असता.

आईनं मोबाइल जवळ घेतला. “टँकर हाय का रे?”

खांद्यावरचा पाइप खाली ठेवायचा प्रयत्न केला त्यानं, पण तो कुठं ठेवणार? पाइप तेवढा लांब होता, त्याची दुसरी बाजू कुणाच्या तरी छतावर गेली होती.

“हाव, आई,” तो शेवटी म्हणाला. “मीच चालवतो.”

मी म्हणाले, “आणि हॉटेल? रिसेप्शन?”

“ते सहा महिनेच होतं अक्का. मग माणसं कमी केली. ड्रायव्हिंग येत होतं मला.”

मग तो भराभर बोलत सुटला, अपराध्यासारखा. या बेटावर एक नदी नाही. तळं नाही. चारी बाजूंनी समुद्र आणि प्यायला समुद्राचंच पाणी गोडं करून घेतात. जुन्या घरांच्या खाली पावसाचं पाणी साठवायच्या विहिरी आहेत. यंदा हिवाळ्यातला पाऊसही नीट झाला नाही, म्हणून एप्रिलातच टँकर सुरू झाले. उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी, छतावरच्या टाक्या कोरड्या, आणि मे ते ऑक्टोबर तो दिवसभर गाडीवर. डिसेंबरात काम थंड असतं. डिसेंबरात आम्ही आलो असतो तर त्यानं मित्राकडून चांगला शर्ट घेऊन आम्हाला समुद्र दाखवला असता, आणि आम्हाला काही कळलं नसतं.

पाण्यासाठी गाव सोडून समुद्र ओलांडून गेलेलं पोरगं, आणि तिथं जाऊन टँकरच!

“सांगितलं का न्हाईस?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

त्यानं माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. “आई टँकरवाल्याला काय म्हणती, ते मी रोज ऐकलंय की.”

आईच्या पदराला अजून बॅरलाचं पाणी लागलेलं होतं. मला वाटलं, आता ही रडणार. नाहीतर फोन ठेवणार. मला तिच्या हातातून मोबाइल काढून घ्यावासा वाटला.

“चहा पितोस का रे लोकाचा?” तिनं विचारलं.

पलीकडे फक्त पाण्याचा आवाज.

“मी काय विचारून राहिले? चहा पिऊन पाइप फिरवतोस का?”

“न्हाई आई,” तो म्हणाला. “इथं एक म्हातारी हाय. एकटीच असती. मी गेलो की कॉफी करून उभी ऱ्हाती दारात. मी आधी तिची टाकी भरतो. मंग पितो.”

“नंबर असतो का तिचा?”

“असतो.”

“मोडत न्हाईस ना दुसऱ्याचा?”

“न्हाई.”

आईनं मान हलवली. एकदाच. मोबाइल माझ्याकडे दिला आणि डोळे पुसायला पदर उचलला, तर तो ओलाच होता.

“त्या नांदेडच्या पोराला फोन लाव,” ती म्हणाली. “जूनचं काढ म्हणावं.”

“आई, मृग लागतो जूनमध्ये.”

“लागू दे.”

“आणि तिथं थेंब पडत नाही तेव्हा.”

“तवाच तर,” आई म्हणाली. “पाऊस आला की त्याचं काम बंद. मंग मी काय बघू?”