सणाचं पेट्रोल

दसऱ्याच्या सकाळी पेट्रोल पंपाच्या रांगेत प्रत्येक गाडीला झेंडूचा हार होता. माझ्या पुढे एक पोचे आलेली जुनी मोटार होती. पंपावरच्या बाईंनी विचारलं, "काका, साधं की प्रीमियम?"

"आज प्रीमियम टाका," काका म्हणाले. "एरवी साधंच पिते बिचारी. सणाच्या दिवशी तिलाही गोडधोड नको का?"

मला हसू आलं, आणि मग नेहमीचा संशय. मीटरवरचं शून्य आपण मान वाकडी करकरून बघतो; पण नळीतून आत काय जातं, ते कुणी पाहिलंय? म्हणे इंजिन स्वच्छ राहतं. इंजिन उघडून कोण बघतं? माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तर साधं पेट्रोल चालेल असं स्वच्छ छापलंय. हल्ली साबणापासून पाण्यापर्यंत सगळ्याचाच एक भारीतला प्रकार निघालाय, आणि तो घेतला नाही की आपण घरच्याच कुणावर तरी अन्याय करतोय असं वाटू लागतं. हे वाटणंच कुणीतरी बाटलीत भरून विकत असावं.

माझा नंबर आला. "साधं!" मी जरा जोरातच म्हणालो.

पुढच्या चढावर गाडी कुरकुरली. तिथे ती रोजच कुरकुरते. आज मात्र रुसल्यासारखी वाटली. माझ्या पुढे काकांची गाडीही तशीच कुरकुरत चढत होती. खिडकीतून हात बाहेर काढून काका तिचं दार थोपटत होते.