ठिपकेबाईंचं मशीन

ठिपकेबाईंच्या घरी चहा चित्र पूर्ण झाल्यावरच मिळायचा. पाहुणा कुणीही असो, खरवईतल्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरला की आधी जुन्या, फुगीर पडद्याच्या टीव्हीसमोर बसायचं. टीव्हीला जोडलेला जाडसर कीबोर्ड हाच संगणक, त्याच्या पोटातच सगळं. शेजारच्या टेपरेकॉर्डरमधली कॅसेट पाचेक मिनिटं किरकिरायची आणि मग काळ्या पडद्यावर एक ठिपका उमटायचा. मग दुसरा. ठिपक्यांच्या रेघा आणि रेघांच्या पाकळ्या व्हायला वीस मिनिटं सहज लागत. कुणी मोबाईल काढला तर बाई म्हणायच्या, "ती एवढं काढतेय, तू नुसतं बघ तरी." ती म्हणजे मशीन.

बाईंनी आम्हाला अंबरनाथच्या शाळेत गणित शिकवलं. भावाने दुबईहून आणून दिलेल्या त्या संगणकावर त्या एकट्याच बेसिक ही प्रोग्रामची भाषा शिकल्या आणि निवृत्तीनंतरही त्याला चिकटून राहिल्या. बेसिकमध्ये प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला आकडा द्यावा लागतो. बाई दहा, वीस, तीस असे द्यायच्या. एक, दोन, तीन का नाही, असं मी विचारलं होतं. "आपण काहीतरी विसरणारच, हे धरून चालायचं. त्यासाठी मध्ये नऊ जागा." किराण्याची यादीसुद्धा त्या एकेक ओळ सोडून लिहीत.

त्यांचं सगळ्यात मोठं काम अंबरनाथच्या शिवमंदिराच्या चित्राचं. भिंतीवरचं कोरीवकाम आलेखवहीत उतरवायला त्या महिनाभर रोज सकाळी देवळात जाऊन बसत. बाहेर बेल-फुलं विकणारी म्हातारी विचारायची, "काय गं बाय, सरकारची मोजणी आली का?" बाई गंभीरपणे म्हणायच्या, "नाही हो, माझीच."

मशीन बिघडलं की बाई ते सोलापुरी चादरीत गुंडाळून उल्हासनगरला लछूभाईंकडे न्यायच्या. लछूभाई तीन नंबर कॅम्पात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. वीस वर्षं त्यांनीच ते मशीन जिवंत ठेवलं. "बाई, ये मशीन नाय, बुढ्ढी आहे. हिला घाई करायची नाय," असं म्हणत ते डब्यातला दाल-पकवान बाईंपुढे सरकवत. बाई त्यांच्यासाठी लसणाची चटणी नेत. दुरुस्ती तासाभराची असे आणि गप्पा दुपारभर.

मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही देवळाजवळच्या एका हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरवलं. बाईंचं मशीन मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांसमोर शिवमंदिराचं चित्र उमटवायचं, ही कल्पना माझी. मशीन आदल्याच दिवशी लछूभाईंकडून साफ होऊन आलं होतं. मी सकाळी लवकर जाऊन मांडणी केली. मशीनचा अ‍ॅडॉप्टर मात्र माझ्या शाळेत ठेवलेल्या पिशवीत राहिला होता. त्या मशीनच्या पिनेत प्रवाह उलटा असतो, दुसरा अ‍ॅडॉप्टर लावायचा नाही, हे बाईंनी मला दहादा सांगितलं होतं. पण मला एकदा चालवून बघायचं होतं. हॉलमधल्या इंटरनेटच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर काढून लावला. पिन नीट बसली. टक् असा आवाज झाला आणि जळकट वास आला.

मी धावत शाळेत गेले, खरा अ‍ॅडॉप्टर आणून जोडला आणि खिडक्या उघडल्या.

बाई नवी नारायणपेठी नेसून आल्या. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लोक थांबले, मग एकेक करून पुढच्या चित्राकडे सरकले. "कालच तर लछूभाईंकडून आली," बाई म्हणाल्या.

"तिथेच काहीतरी राहिलं असेल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. लछूभाईंनी मशीन उघडलं, वाकून पाहिलं. "बाई, यात करंट उलटा गेलाय."

"वीस वर्षांत माझ्या हातून नाही गेला," बाई ताडकन म्हणाल्या. "तुमच्याकडून आली ती बंदच."

लछूभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या उघड्या रेडिओकडे बघत राहिले. मग ते हात जोडून म्हणाले, "ठीक आहे बाई. हमसे ही हुआ होगा. ठेवून जा, बघतो."

बाईंनी मशीन ठेवलं नाही. परत त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत आणि नवं चित्रही केलं नाही. मी दर रविवारी जायचे. आता गेल्या गेल्या चहा मिळायचा.

दोन वर्षं अशी गेली. एका रविवारी त्या म्हणाल्या, "मीनल, लछूभाईंनी एवढ्या वर्षांत एकच चूक केली आणि मी तेवढीच धरून बसले. चल, त्यांना माफ करून येऊ."

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर त्या उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "हे तिथे येऊन सांग."

दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. लछूभाईंचा मुलगा म्हणाला, "पप्पा तो गुजर गये. दिवाळीत वर्ष होईल." बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्या मुलाला सगळं सांगितलं, शब्दही न गाळता. त्याने आतून एक पुठ्ठ्याची डबी आणली. "पप्पांनी कुठून कुठून मागवून ठेवलं होतं. म्हणायचे, बाई येतील." आत कापसात ठेवलेल्या दोन चिप होत्या.

बाईंनी डबी पदराखाली घेतली. रिक्षात चढताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

त्या वर्षी बाई साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. रागावल्या नव्हत्या. मी फोन केला की लगेच उचलायच्या, शाळेचं विचारायच्या, माझ्या तब्येतीचं विचारायच्या. "तुम्ही बऱ्या आहात ना? जेवलात का तुम्ही?" ज्या बाईंनी मला फ्रॉकमध्ये पाहिलं होतं, त्यांनी शेवटपर्यंत मला पुन्हा 'तू' म्हटलं नाही.