उशिरा वळणारी गाडी

दिवसभर उसात भांगलण करून रेश्मा घरी टेकते न टेकते तोच शिवांजलीची भुणभुण सुरू झाली. सुट्टी संपवून काश्मीरला परतताना फौजी बाप लेकीसाठी कँटीनमधला टीव्हीचा स्वस्त बॉक्स ठेवून गेला होता. त्यावर पिक्चर झकास दिसायचे, पण पोरीला शर्यतीचा गेम खेळायचा होता.

"आई, बटण दाबलं की गाडी लय उशिरा वळती. सारखी आपटती."

रेश्मानं वैतागून रिमोट हिसकावला. दोनदा तिचीही गाडी आपटली. मग वळण यायच्या आधीच बटण दाबत तिनं ती शेवटपर्यंत नेली.

"गेमच्या कामाचा न्हाई ह्यो. पिक्चर बघ गप."

"मग तुला कसं जमलं?"

"तुझ्या पप्पांचा आवाज बी फोनवर असाच उशिरा येतोय. 'कशी हाईस' ऐकू यायच्या आधीच मी 'बरी हाय' म्हणून टाकती."