भिंतीवरचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बोरीच्या आमच्या घरातली दाराजवळची भिंत मी माझ्या हातानं पुसली. दर भादव्यात महालक्ष्म्या घरात आणताना बायको कुंकवाचे ओले हात त्या भिंतीवर उमटवायची. ती गेली तेव्हा पोरगी लहान होती. येता-जाता त्या ठशावर आपला पंजा ठेवून बघायची. पुढं माझं दुसरं लग्न ठरलं. नव्या बायकोला ते हात दिसू नयेत म्हणून, पोरगी मामाकडं गेलेली असताना मी भिंतीला चुना मारला. ती परत आल्यावर म्हणालो, "ओल आली गं बाळा, गेलं सगळं."

पोरगी आता नोकरीसाठी भोपाळला असते. यंदा तिनं मला तिकडच्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा दाखवायला नेलं. गाइड पुढं, आम्ही मागं. एका कातळावर हरणांच्या शेजारी गेरूचा लाल पंजा होता. पोरीचा हात आपोआप वर गेला.

"हाथ मत लगाइए, मॅडम!" गाइड ओरडला. "पसीने से मिट जाएगा."

ती ओशाळून हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, हजारो वर्षं टिकलंय बघा हे. आपल्याच भिंतीला तेवढी ओल यायची होती."

"लय पाऊस होता त्या साली," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी तो चुना खरवडून बघितला. खाली नुसती माती निघाली.

भिंत कोरडी होती आणि चुना मी मारला, एवढं सांगण्याचं देणं मी तिला अजून लागतो.