उजवीकडचं चित्र

गोवर्धन सुताराला अमरावतीत मान होता, आणि तो त्याला जरा चढलाच होता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली आणि ज्याच्या ओसरीत चार पोती रुई तोही स्वतःला शेठ म्हणवू लागला. गठाणी बांधायला कापूस दाबायची यंत्रं हवी झाली. त्यांचे नकाशे मुंबईहून येत आणि बाकीचे सुतार ते पाहून डोकं खाजवत. गोवर्धन मात्र म्हणे, "कागद मले वाचता येते."

येतही होता, उगाच खोटं कशाला बोला. नकाशात एकाच यंत्राची तीन चित्रं असत: समोरून, वरून आणि बाजूने. गोवर्धन सारवलेल्या जमिनीवर गेरूने ती पुऱ्या मापात उतरवी आणि त्यावर लाकूड ठेवून कापी. इंचाच्या आठव्या भागाला तो सूत म्हणे, आणि त्याचं काम सूतभरही चुकत नसे. लाकूड फुगायला कुठे जागा सोडायची, कुठे घट्ट ठोकायचं, ते त्याच्या हाताला कळे. उत्तमराव नावाच्या व्यापाऱ्याने त्याच्याकडून एक यंत्र करून घेतलं आणि अकोल्यालाही तसंच दुसरं करायचं ठरवलं. गोवर्धनने धाकट्या भावाला, जयवंताला, उत्तमरावाकडे कामाला चिकटवून दिलं.

जयवंताचं काम अडसराचं. गठाण बांधून झाली की कापूस दाबायच्या पेटीच्या दारावरच्या अडसराची खुंटी ठोकून काढायची. आतल्या दाबाने अडसर ताडकन बाहेर येई. तो येई उजवीकडे, आणि उजवीकडे हातभरावर भिंत होती. जयवंता त्या सांदीत उभा राहून खुंटी ठोकी आणि झटकन खाली बसे. अंगाने काटक होता, जमून जाई.

हिवाळ्यात मुंबईहून एक फिटर आला. त्याने यंत्र पाहिलं, नकाशा पाहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, बाजू उलटी झाली."

गोवर्धनने उजवीकडचं चित्र बोटाने दाखवलं. फिटरने तंबाखूची डबी जमिनीवर ठेवली आणि उजवीकडे लोळवली. डबीची डावी बाजू वर आली. "विलायतेचा साहेब नकाशा असा काढतो," तो म्हणाला. "उजवीकडे काढलेलं चित्र डाव्या बाजूचं असतं."

गोवर्धनने ते सरळ वाचलं होतं, उजवीकडचं ते उजवं. यंत्राच्या डावीकडे मोकळं अंगण होतं.

फिटर दुसऱ्या दिवशी निघून गेला. गोवर्धन उत्तमरावाकडे गेला आणि म्हणाला, "अडसर डावीकडे घेतला तं बरं होईन."

"काहून? चालून राह्यलं ना?" उत्तमराव म्हणाला. "गाड्या उभ्या हायेत. सुगी सरू दे, मंग पाहू."

'माझं चुकलं' एवढं म्हटलं असतं तर उत्तमरावाने यंत्र थांबवलं असतं. पण मग अकोल्याचं काम गेलं असतं आणि नावही. गोवर्धन गप्प बसला. मला त्याचा राग येतो. लाकडाला बोलतं करणाऱ्या माणसाची जीभ नेमकी तिथेच लाकडाची झाली.

घरी तो जयवंताला म्हणाला, "ते काम सोड. दुसरं पाह्य काही."

"काहून? तुवंच केलं हाये ना दादा?" जयवंता हसला. "मंग मले कायचं भेव?"



भाव चढले तशा गठाणी जास्त ठासून भरल्या जाऊ लागल्या. एका सकाळी अडसर नेहमीपेक्षा जोरात सुटला, भिंतीवर आपटला आणि खाली आला. खाली जयवंता बसलेला होता. त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

सुतक फिटायचीही वाट न पाहता गोवर्धनने अडसर डावीकडे घेतला. सकाळी धरलेलं काम जेवणवेळेला संपलं. गाड्या तेवढा वेळ उभ्या राहिल्या, कुणी कुरकुर केली नाही.

जयवंताची बायको पार्बताबाई. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्याशी, म्हणजे या थोरल्या दिराशी, कधी एक शब्द बोलली नव्हती; रीतच तशी. तेराव्याला ती दाराआड येऊन उभी राहिली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"अडसर आता डावीकडे घेतला म्हन्ते. तुमाले आंधी मालूम होतं काय?"

"होतं," गोवर्धन म्हणाला.

ती आत गेली. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. त्याचं ताट तीच वाढत राहिली, पण पुन्हा त्याच्याशी कधी बोलली नाही. रीतच तशी होती, त्यामुळे घरात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.