बोलायच्या बेतातला फोटो

"आणि दुसरं म्हणजे…"

एवढं म्हणून बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि थांबायच्या. तोंड किंचित उघडं, डावी भुवई चढलेली. भाजीवाली हातातला तराजू तसाच धरायची, रिक्षावाला किक मारायचा थांबायचा. मी तर जन्मजात बघ्या. मी पापणीसुद्धा लववायचो नाही. बरं, पहिलं काय ते बाईंनी कुणालाच सांगितलेलं नसायचं. पण ते विचारायचं भान राहतंय कुणाला?

तुम्ही बाईंना पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. नाव आठवणार नाही आणि मीही सांगणार नाही, पण चेहरा दाखवला तर "अरे, या होय!" म्हणाल. सिनेमात नायकाला दारापर्यंत सोडायला येते आणि त्यानंतर एकदम शेवटच्या लग्नात दिसते, ती आई. "डॉक्टर आत आहेत" म्हणणारी नर्स. आणि गेली चार वर्षं मालिकेतल्या सासूबाई. नऊवारी, ठसठशीत कुंकू, रोज सकाळी तुळशीला पाणी.

याच बाई रविवारी पांढरी साडी नेसून, हातात बायबल घेऊन चर्चला निघायच्या तेव्हा आमच्या शेवगावातल्या बायका गॅलरीतून ओरडायच्या, "सासूबाई, तुळशीला पानी घातलं का?"

वर न बघता बाई म्हणायच्या, "सूनबाईला सांगितलंय!"

माहेर देवळाली प्रवरेचं, वडील शाळामास्तर. पहिली भूमिका चर्चमधल्या नाताळच्या नाटकात: बाळ येशूला भेटायला येणाऱ्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या उंटाचे मागचे पाय. हे त्या फार अभिमानानं सांगायच्या. "पुढच्या पायांचं काय कौतुक, त्यांना दिसतं तरी. मागच्या पायांना निव्वळ विश्वासावर चालावं लागतं." तिथून नाटकांचे दौरे, मग सिनेमा, मग मालिका. मोठी भूमिका कधी वाट्याला आली नाही. दोन वाक्यं मिळाली की तिसरं गप्प राहून म्हणायचं, हे त्या दौऱ्यांवरच शिकल्या. ते बोट आणि ती भुवई म्हणजे तेच तिसरं वाक्य.

नवरा गेल्यावर मुंबईची खोली सोडून त्या इथं बहिणीच्या गावी आल्या आणि माझ्या फोटो स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. महिन्यातले दहा-बारा दिवस शूटिंगला नाशिकला, बाकीचे दिवस माझ्या दुकानातल्या बाकावर.

माझा धंदा निम्मा लग्नांचा आणि निम्मा हाराचा. हाराचा म्हणजे, माणूस गेलं की घरचे दहाव्याच्या आत फोटो मोठा करून घ्यायला येतात. आणतात काय, तर आधार कार्ड. ज्या फोटोत माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा दिसतो, तो आम्ही मोठा करून भिंतीवर टांगतो. बाई ते बघून नेहमी चुकचुकायच्या.

एका दुपारी त्या जिना उतरून आल्या. बोट वर नव्हतं.

"फोटो काढायचाय."

"कशाला?"

"हार घालायला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मालिकेतल्या सासूबाईंना हार्ट अटॅक येणार होता. निर्मितीवाल्यांचा फोन आला होता, भिंतीवर लावायला एक फोटो पाठवा म्हणून.

"या वयात एकदा भिंतीवर गेलं ना फोटोवाले, की खाली उतरवायला कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं सहासष्टावं सरलं होतं. दुसरं काम हातात नव्हतं, आणि काम नसलेल्या बाई मी कधी बघितल्या नव्हत्या. बघायची इच्छाही नव्हती.

मी निळा पडदा सोडला, दिवे लावले आणि धंद्यातलं ठरलेलं वाक्य म्हणालो, "जरा शांत बघा."

"शांत का म्हणून?"

"गेलेलं माणूस शांतच दिसतं, बाई."

"तुमच्या कॅमेऱ्यात दिसत असेल! अहो, भिंतीवरची का होईना, भूमिका आहे ती. काम करूनच जाणार मी." त्यांनी पदर सारखा केला, बोट वर केलं. "मी माझं वाक्य म्हणते. ‘म्हणजे’चा ‘म्ह’ सुटला की बटण दाबा. आधी दाबलंत तर मी जांभई देतेय असं वाटेल आणि उशीर केलात तर भाषण."

मंडळी, अख्खी दुपार त्या ‘म्ह’मध्ये गेली.

"पुन्हा."

"बाई, हा चांगला आलाय हो."

"चांगला नकोय. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही आता बोलणार. पुन्हा."

चार वाजता चहा आला तेव्हा तो ‘म्ह’ मला सापडला. स्क्रीनवर बघून बाई नुसत्या "हं" म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला. बोट फोटोत मावलं नव्हतं. पण ते वर आहे, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं.

सासूबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी मालिकेत मोठी सून तिजोरीच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात लपवत होती. मागच्या भिंतीवर हारात आमच्या बाई.

"अहो, या की इकडं!" माझी बायको किंचाळली. "बाई बोलत्यात!"

बोलत नव्हत्या. बोलायच्या बेतात होत्या. सून रडली, ओरडली, चांगली पाच मिनिटं भाषण केलं. एकानं तिच्याकडं बघितलं असेल तर शपथ. सकाळी दुकानात हाच विषय. "आता सांगनार बघा त्या." "आज सांगितलं असतं, मधीच जाहिरात लागली."

आठवड्यानं दिग्दर्शकाचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावून मोबाईल काउंटरवर ठेवला.

"बाई, दुसरा फोटो पाठवता का? जरा शांत चेहऱ्याचा."

"गेलेल्या माणसाचा फोटो बदलतात होय? घरचे काय म्हणतील?"

"मोठ्या सूनबाई तुमच्याकडे बघून वाक्यं विसरतात हो."

"गुणी मुलगी आहे. तिला सांगा, माझ्या डाव्या कानाकडे बघत जा."

फोन ठेवल्यावर आम्ही पोट धरून हसलो. पण नंतरचे पंधरा दिवस कुणाचाच फोन आला नाही. बाई बाकावर बसायच्या, मोबाईल मांडीवर पालथा. भाजीवालीशी बोलतानाही बोट वर जायचं नाही. एकदा हळूच म्हणाल्या, "फोटोला मानधन नसतं, ठाऊक आहे ना?" मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिलो. ती स्वच्छच होती.

सोळाव्या दिवशी मोबाईल वाजला. दिग्दर्शकच होता. लोक फोटोबद्दलच पत्रं पाठवतायत, म्हणाला. लेखकानं तोडगा काढलाय: सासूबाईंची धाकटी बहीण. गावाकडची, फटकळ. थोरलीसारखीच दिसणारी. घरात येते ती मोठ्या सुनेला सरळ करायलाच. "फक्त एक अडचण आहे बाई. तुम्ही इतकी वर्षं शुद्ध बोलणाऱ्या भूमिका केल्यात. ही अगदी नगरी ठसक्यात बोलते. जमेल का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. बोट सावकाश वर गेलं.

"आवं, जमंल का म्हंजी? लहानपनापासनं दाबून ठिवलीय ती भाषा! चाळीस वर्सं तुमी लोकांनी तोंड उघडू दिलं न्हाई, आन आता इचारता व्हय, जमंल का?"

पलीकडं दिग्दर्शक हसत सुटला. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शब्द देतो, ग्लिसरीन नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या बॅग घेऊन नाशिकच्या एसटीत बसल्या. खोल्यांची किल्ली माझ्याकडं आहे. त्या फोटोची एक प्रत मी दुकानातही लावलीय, तिच्याखालीच ती खिळ्याला अडकवली आहे.

काल घोडेगावची एक बाई आली. आई जाऊन आठ दिवस झालेले, हातात आधार कार्ड. मी पावती लिहीपर्यंत ती भिंतीकडं बघत उभी होती.

"ह्या इचारत्यात," ती म्हणाली, "जेवलीस का म्हनून."

फोटोतल्या त्या क्षणी आमच्या बाई काय म्हणत होत्या ते मला पक्कं माहीत आहे. बटण मीच दाबलंय. आणि मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. पण काल बसलो.

मग आधार कार्ड तिला परत दिलं. "आईचा बोलतानाचा एखादा फोटो नाही का?"

तिनं मोबाईल चाळला. जनावरांच्या बाजारात काढलेला एक निघाला. जरा हललेला. म्हातारी एका शेळीवर हात उगारून काहीतरी खेकसत होती. लेक बघत राहिली, मग फसकन हसली. "हीच माजी आई. ह्योच मोठा करा, भाऊ."

निघताना ती पुन्हा बाईंच्या फोटोपाशी थांबली.

"ह्यांना हार न्हाई घातला?"

"नाही," मी म्हणालो. "कामावर गेल्यात त्या."