आक्काची पोटरी

भाचीचा फोन आला तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीत कारखान्याच्या गेटवर होतो. पाळी नुकतीच सुटली होती. "मामा, आईला धाप लागली, आता बोलंना झालीया... लगीच या," एवढंच ती बोलली. हुपरीत पोचलो तर दारात चपलांचा ढीग होता. कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन हुपरीला गेली आणि घरबसल्या चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडू लागली. हात चालायचे तसं तोंडही चालायचं, आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय ती उठू द्यायची नाही. उन्हाळ्यात जिन्यावरून घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. प्लॅस्टर घालून पडून राहणं तिला सोसेना. मी गेलो की म्हणायची, "बस की रं जरा. भित्ती बघून बघून कटाळा आलाय."

प्लॅस्टर निघालं आणि थोड्याच दिवसांत त्या पायाची पोटरी सुजली. लालसर, हात लावला तर गरम. पाय आखडलाय, मोकळा झाला की उतरेल, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. डॉक्टरांकडं पुढच्या आठवड्यात जायचंच होतं. दाजी तरुणपणी तालमीत जाणारे, त्यामुळं चोळण्यात त्यांचा हात बसलेला. ते रोज तेल कोमट करायचे, तिचा पाय मांडीवर घ्यायचे आणि खालून वर चोळत बसायचे. तिला दुखायचं. "जरा हळू," म्हणायची, पण नको म्हणाली नाही. एवढ्या संसारात दाजी असे निवांत जवळ बसले ते आत्ताच, हे तिनंच मला हसत सांगितलं होतं... त्या दिवशी पाय चोळून झाला, ती चहा ठेवायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली.

पडून राहिल्यानं शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकाच पायाची पोटरी अशी सुजून गरम लागली तर ती चोळायची नसते, लगेच दाखवायची असते. दाजींनी विचारलं, "म्हंजे मी चोळलं म्हणून?" तसं खात्रीनं सांगता येत नाही, गुठळी आपोआपही सुटते, असं डॉक्टर म्हणाले. दाजींनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

परवा गेलो होतो. आक्काची कॉट तशीच आहे. दाजी त्या कॉटवर झोपत नाहीत, पायथ्याशी सतरंजी टाकून जमिनीवर पडून असतात. भाची त्यांना पुन्हा समजावत होती, "आबा, तुमची चूक न्हाय. आपल्यापैकी कुणाला म्हाईत हुतं?"

दाजी सतरंजीवर उठून बसले. मग म्हणाले, "मला म्हाईत न्हवतं, खरं हाय. पर तिला दुखत हुतं... ती सांगत हुती की."